तिसरी खुर्ची

बास्केटबॉलचा सामना संपायला नऊ सेकंद उरले असताना डलुथ संघाच्या कोचनी टाइमआउट घेतला. लमाँट गिड्रीनं गुडघ्यांवर हात टेकून दोन श्वास घेतले, डोळ्यांत उतरलेला घाम जर्सीनं पुसला आणि मान खाली घालून तो सवयीनं उजवीकडे चालू लागला. बारा पावलं. तिसरी खुर्ची. बसला.

संघाचं सामान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मर्लनं त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. बाटलीला चिकटपट्टी, पट्टीवर अकरा आकडा. लमाँट घटाघट पाणी प्यायला. मर्लनं टॉवेल त्याच्या मानेवर टाकला. कोच हॅल्वरसन एक गुडघा टेकून पाटीवर रेघा ओढत होते.

"एका गुणानं मागे आहोत. टायरीस, तू आत घुसायचं सोंग कर. दोघं तरी तुझ्या अंगावर येतील. मग चेंडू कोपऱ्यात, डेव्हनकडे. लमाँट, डेव्हनला रोखणाऱ्या माणसाला तू आडवा जा."

"हो, कोच," लमाँट म्हणाला.

कोचचं पेन थांबलं. सगळ्या पांढऱ्या जर्सी मधोमध बसलेल्या एका निळ्या जर्सीकडे बघत होत्या.

"आजोबा," टायरीस हळूच म्हणाला, "तुम्ही हल्ली फार्गोला असता."

दहा दिवसांपूर्वी याच कोचनी लमाँटला खोलीत बोलावून, दार लावून घेऊन, तुझी जागा तरुणाला देतोय असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी फार्गोनं त्याला दहा दिवसांच्या करारावर उचललं. आज दहावा दिवस. करार वाढवायचा की नाही, ते फार्गोचे कोच टेडेस्को सामना संपल्यावर सांगणार होते. लमाँट पस्तिशीचा होता, फार्गो हा त्याचा चौदावा संघ. पंधरावा कुठे दिसत नव्हता.

तो उठला तसा प्रेक्षकांत हशा पिकला. "असू दे, असू दे! आमचाच आहे तो!" वरून एक बाई ओरडली. पंचानंही शिट्टीआड तोंड लपवलं. हसण्यासारखंच होतं, लमाँटही हसत हसत मैदान ओलांडून आला.

टेडेस्को हसले नाहीत. "काय काढलंय त्यानं पाटीवर?"

"पाणी प्यायलो, कोच."

"पाण्याचं नाही विचारलं मी."

"घरचा समजून बोलत होते ते. तेवढं सोडून काहीही विचारा."

"आज तुझा कितवा दिवस आहे?"

"दहापर्यंत येतात मला आकडे, कोच."

"मग बस खाली. आणि या खेपेला खुर्ची बघून बस."

टेडेस्कोंचं काही चुकलं नव्हतं. लमाँट बसला, त्याच्या जागी दुसरा मैदानात उतरला. तसंही सांगून उपयोग काय होता? हॅल्वरसननी एव्हाना पाटी पुसून दुसरं काही काढलं असेल. कुणीही काढलं असतं.

शिट्टी झाली. टायरीस आत घुसला. दोन निळ्या जर्सी त्याच्या अंगावर गेल्या. चेंडू कोपऱ्यात गेला. डलुथनं लमाँटऐवजी घेतलेला नवा खेळाडू डेव्हनला रोखणाऱ्या माणसाला आडवा गेला. रेघ न् रेघ तीच.

चेंडू जाळीतून खाली आला तेव्हा फार्गोचा अख्खा बाक डोक्याला हात लावून उभा होता. लमाँट मात्र बसूनच राहिला. त्याला कामावरून काढणारे आजवर पुष्कळ भेटले होते. त्याच्या जिभेवर भरवसा टाकून सामना डावावर लावणारा हा पहिलाच, आणि तोही काढणाऱ्यांतलाच. हरलेल्या बाकावर बसून त्याचा ऊर भरून आला.

हस्तांदोलनाच्या रांगेत हॅल्वरसन समोर आले. "पाटी पुसायला विसरलो रे."

"विसरलात कसले, कोच!"

"माणूस बघून विसरतो मी," ते म्हणाले आणि पुढे सरकले.

बोळात टेडेस्कोंनी त्याला थांबवलं. "तीच चाल होती?"

"तीच."

"सांगितलं असतंस तर आपण जिंकलो असतो."

"हो, कोच."

"करार वाढवत नाहीये मी."

"बरं." लमाँटनं हात पुढे केला. "दहा दिवस खेळायला मिळालं, कोच. उपकार झाले."

टेडेस्कोंनी त्यात टोमणा शोधला. तो नव्हता. त्यांनी हात हातात घेतला आणि कसनुसं होऊन बसकडे निघून गेले.

पिशवी खांद्याला लावून लमाँट बाहेर पडताना मर्ल बाकाखाली वाकून रिकाम्या बाटल्या गोळा करत होता. अकरा नंबरची त्यानं वेगळी उचलली.

"पट्टी काढायची राहिली होती. खरवडायला नखं उरलीत कुठे मला? घेऊन जा, तुझीच आहे."

"राहू दे. पुढच्या खेपेला कुठल्या दारानं येईन, काय सांगावं."

"आपल्या दारानं ये. पाहुण्यांच्या खोलीत गरम पाणी येत नाही."

"म्हणजे मुद्दाम होतं ते?"

"वीस वर्षं," मर्ल म्हणाला. "आता हे बाहेर सांगू नको म्हणजे झालं."

लमाँट मोठ्यानं हसला. हसतच तो बर्फात उभ्या असलेल्या बसकडे गेला. मर्लनं बाकीच्या बाटल्या टोपलीत टाकल्या. ती एक मात्र त्यानं विसळली, काठोकाठ भरली आणि तिसऱ्या खुर्चीखाली ठेवून दिली.