अप्पांचा कान

माझ्या संगणकावरच्या लिनक्सवर प्रिंटर चालेना. त्याच्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजला आधी दुसरंच एक पॅकेज हवं होतं, आणि ते काही केल्या अख्खं उतरत नव्हतं. त्या काळी इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. निम्मं झालं की लाइन तुटायची, की पुन्हा पहिल्यापासून. मी मॉडेम बदलला, केबल बदलली, सेटिंगच्या फायली उलट्यापालट्या केल्या, शेवटी सगळी सिस्टिम पुसून नव्याने टाकली. फरक शून्य.

माझे सासरे जन्मभर कारखान्यात फिटर. स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत म्हणाले, "पोरी, मशीनमध्ये दोष नाही. आवाज अगदी एकसारखा येतोय."

"कुठून ऐकलात, अप्पा?"

"आतल्या फोनवरून. रिसीव्हर कानाला लावला की खरखर स्वच्छ ऐकू येते. मशीनची तब्येत कानानेच कळते. तू बसलीस की मी अधूनमधून उचलून बघतोच. तुला वाटतं तू एकटीच झटतेस?"

आतला फोन उचलला की इकडची लाइन तुटते, हे अगदी ओठांवर आलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गिळलं. शेजारी खुर्ची ओढली.

"अप्पा, इथेच बसा ना. इथून जास्त चांगलं कळेल."

ते कप हातात धरून पडद्यावरचे आकडे बघत बसले. त्या संध्याकाळी पॅकेज पहिल्यांदाच अख्खं उतरलं.

अप्पांनी समाधानाने कप खाली ठेवला.

"बघ. जवळ कुणी बसलं की मशीन कसं शहाण्यासारखं वागतं."