केरबांची फुंकर

वत्सलाताईंनी तपासणीची तीन लिटरची पिचकारी दम मोजायच्या यंत्राला जोडून सावकाश दाबली. पडद्यावर नेमके तीन लिटर उमटले. यंत्र आजही खरंच बोलत होतं, आणि त्याचाच त्यांना शीण आला होता.

छाती कमजोर असलेल्यांनाच शुद्ध हवेच्या वसाहतीत जागा मिळे. तानूबाईंना कालच मिळाली होती. आज नवऱ्याची, केरबांची तपासणी होती.

"ताई, माझा बी दम कमी दाखवा की. हिला एकलीला कशी धाडू?"

"यंत्रात मला काही करता येत नाही, भाऊ."

"तरी म्हणत हुते, चिलीम वढा," तानूबाई धापा टाकत म्हणाल्या.

केरबांनी यंत्राची नळी तोंडात धरली आणि अर्ध्यातच फुंकर थांबवली. अशा वेळी आकडा खोटा कमी येऊ नये म्हणून 'फुंका, अजून फुंका' असं ओरडायचा नियम होता. वत्सलाताईंनी मनात देवाचं नाव घेतलं आणि त्या गप्प राहिल्या.