बुद्धाच्या हातातला करंट

"हात काढ! आधी तो हात काढ!"

कांचन इतक्या जोरात ओरडली, की परीक्षित दचकून मागे सरला. तो अनवाणी होता आणि खालची हिरवळ माळ्यानं नुकतीच भिजवली होती.

"क्या हुआ, मॅम?"

"करंट आहे मूर्तीत. दूर हो! सगळे दूर व्हा!"

कॉलेजच्या दारातला ब्राँझचा बुद्ध उजवा हात जमिनीला टेकवून बसलेला होता. पेपरला जाताना पोरं चपला काढून त्या हाताला शिवत. त्याची बोटं शिवून शिवून सोन्यासारखी पिवळी पडली होती. कांचन इथं इलेक्ट्रिकल शिकवायची. आज तिनंही हात टेकला होता. सकाळपासून नुसती धांदल. नवरा अंबरीश पहाटेच कारखान्यात गेलेला, केतकीच्या युनिफॉर्मचं बटण तिच्या हातून काही केल्या लागेना. शेवटी "आई, राहू दे," म्हणत पोरीनं स्वतःच लावलं. आनंद नगरहून स्कूटर हाणत कांचन पोचली आणि क्षणभर शांत वाटावं म्हणून तिनं मूर्तीला हात लावला.

बोटांतून मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात हॉस्टेलच्या कूलरला चिकटून तिच्या वर्गातला एक मुलगा गेला होता. त्याची वळलेली मूठ तिच्या डोळ्यांसमोर आली.

"मॅम, मुझे भी लगा था," परीक्षित आता पांढराफटक पडला होता. "हलका सा."

"मुझे भी," मागून आणखी कुणी म्हणालं.

तेवढ्यात परीक्षेच्या हॉलमधून आरडाओरडा ऐकू आला. कांचन धावत गेली, तर अदिती नावाची मुलगी बाकावरच कोसळली होती. मैत्रीण रडत सांगत होती, "मॅम, उसने अभी मूर्ती को हाथ लगाया था!"

अदितीला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. मूर्तीभोवती दोरी बांधली. दोरीपलीकडे पोरं दाटीवाटीनं उभी राहिली. कुणी घरी फोन लावत होतं, कुणी स्वतःचा तळहात न्याहाळत होतं. प्राचार्य रवींद्र सर धावत आले, त्यांच्यामागे वायरमन दत्तू.

"दत्तू, या दिव्याची केबल कुठून येते?" कांचननं मूर्तीसमोरच्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"हा सोलरचा आहे, मॅडम. इथवर लाईनच नाही आलेली."

"मग जमिनीखालून असेल. जुनी एखादी. मीटर दे."

मीटर घेताना तिच्या हातातून वायरचं एक टोक निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. घाबरल्यावर होतंच असं. दत्तूनं ते उचलून ओल्या मातीत खुपसलं, दुसरं तिनं मूर्तीला लावलं.

शून्य.

"मीटर खराब आहे. लॅबमधला आण."

लॅबमधल्या मीटरनंही शून्यच दाखवलं.

"कांचनताई," रवींद्र सर हळूच म्हणाले, "पोरं घाबरलीत. तुम्ही म्हणता म्हणून पेपर थांबवलाय मी."

"सर, माझ्या हाताला लागलंय ते! राहून राहून येत असेल. अख्ख्या कॉलेजची लाईन बंद करा. मुलं मरतील हो!"

सरांनी मान हलवली. दत्तू मेन बंद करून आला. वर्गांतले पंखे थांबले. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा सैल झाला.

"अदिती शुद्धीवर आलीय. उपास होता म्हणे तिचा. पाणीसुद्धा न पिता आली होती. शॉक-बिक काही नाही."

पोरांत एकदम हायसं वाटल्याचा गलका झाला. परीक्षित ओशाळून पुढे आला. "सॉरी मॅम. आप इतना डर गई थीं, तो मुझे भी लगा कि लगा है."

दत्तूनं चप्पल काढून तळहात सरळ मूर्तीवर ठेवला. मग सरांनीही ठेवला. दोघंही तसेच उभे राहिले.

"काही नाही, मॅडम. थंडगार आहे. या, तुम्हीच बघा."

कांचन दोरीखालून वाकून गेली. श्वास रोखून तिनं बुद्धाच्या बोटांवर बोटं ठेवली.

"आहे!" ती किंचाळली. "अजून आहे सर! लाईन बंद असून आहे!"

सगळे तिच्याकडेच बघत होते.

तिनं झटक्यात हात काढला, चार पावलं मागे गेली आणि तोल सावरायला कडुनिंबाच्या कोरड्या बुंध्याला तळवा टेकवला.

बुंध्यातही तोच करंट होता. तिनं तळवा उचलून हवेत धरला, तरी सकाळी बटण न लावू शकलेल्या त्या बोटांतल्या झिणझिण्या थांबल्या नाहीत.