उघड्या पातेल्यातला भात

यांच्या हृदयाच्या दुसऱ्या झटक्यानंतरही सुरतेच्या डॉक्टरांनी दोष माझ्या फोडणीलाच दिला. "बेन, नवरा जगवायचाय ना? तेल कमी करा." "साहेब, आमच्या भाजीत तेल शोधावं लागतं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये बॉयलर फुटला, तेव्हा यांनी चार सोबत्यांची प्रेतं बाहेर काढली. आता कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली शिरतात. मी भात उघड्या पातेल्यात शिजवते." "ते मनाचं झालं. मी हृदयाचा डॉक्टर." तेवढ्यात शेजारच्या खाटेपाशी नर्सने ऑक्सिजनचा सिलिंडर उघडला. वाफ सुटल्यासारखा आवाज झाला. यांनी डोकं हातांत लपवलं आणि मशीनवर ठोक्यांचा आकडा ब्याऐंशीवरून एकशे अठ्ठेचाळीसवर गेला. सिलिंडर बंद करा म्हणवेना. शेजारच्यालाही श्वास हवा होता. मी यांचे कान तळव्यांनी झाकले. डॉक्टर आकड्याकडे बघत राहिले. "हे कधीपासून होतंय?" "चार वर्षं," मी म्हणाले. "तुम्ही विचारलंत मात्र आज."