लहान बोअरची बंदूक

“सांबराला ही?” हाकाऱ्यांचा म्होरक्या बाळोजी हसला. “ही ससे मारायची. मोठ्या बोअरची, रुंद नळीची घे, सोनू. गोळी खांद्याचं हाड फोडून आत गेली पाहिजे.”

“आणि माझा खांदा फुटतो त्याचं काय?” म्हणत सोनूनं लहान बोअरची रायफल उचलली. गोळी झाडताना मोठीचा दणका बसला की चार दिवस त्याचा हात वर होत नसे. “नेम चांगला असला की झालं.”

नेम चांगलाच होता. हाकाऱ्यांच्या आरडाओरड्यानं उठलेलं सांबर समोर येऊन आडवं उभं राहिलं आणि गोळी बरोबर त्याच्या खांद्यावर बसली. सांबर गुडघ्यांवर आलं. मग धडपडत उठलं आणि तीन पायांवर करवंदीच्या जाळीत घुसलं. रक्ताचा माग काढत सगळे दिवस मावळेपर्यंत हिंडले. डोंगराखालच्या ओढ्यापाशी माग संपला. परतताना बाळोजी सोनूला मागं टाकून झपाझप पुढं निघून गेला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिकारीहून आला की बायको सोनूचा खांदा चोळून देई. आजही ती खोबरेल गरम करून वाट बघत होती. वाटी घेऊन ती त्याच्या मागं बसली, सदरा खाली ओढून तिनं खांदा पाहिला.

“अहो, आज कुठं काळंनिळं नाही. दुखत नाही ना?”

“नाही.”

“देव पावला,” म्हणत तिनं तेल परत बाटलीत ओतलं.

सोनू तसाच उघड्या खांद्यानं, डोंगराकडे कान लावून बसून राहिला.