तीन गठ्ठे

आईने खोलीत येऊन सवयीने पंखा लावला आणि हेमांगीने फरशीवर मांडलेले चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे भर्रकन उडून एकमेकांत मिसळले.

एक वसईच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरचा, दुसरा मिरजेच्या फकीरबाबांचा, तिसरा त्र्यंबकच्या नाथजोग्याचा. रेकॉर्डर तिघांनाही नको होता, म्हणून त्यांचे साक्षात्काराचे अनुभव तिने हाताने उतरवून घेतले होते. कोणती चिठ्ठी कोणाची, हे मात्र लिहिलं नव्हतं. पाच वाजेपर्यंत त्या चिठ्ठ्या तिच्या पीएचडीच्या प्रबंधाच्या परिशिष्टात नावानिशी जायच्या होत्या.

तिने तिच्या मार्गदर्शकांना, कामतसरांना फोन लावला.

"अगं, घाबरतेस काय? प्रत्येक धर्मातला अनुभव वेगळा, तो शब्दांवरून ओळखता येतो, हेच तर तू तीनशे पानांत सिद्ध केलंयस. तसंच ओळख."

तिने एक चिठ्ठी उचलली. 'हाक कोणी मारली आणि ओ कोणी दिली, कळेना.' ती सिस्टरची वाटली, मग फकीरबाबांची, मग जोग्याची. दुसरीचंही तेच झालं. तिसरीचंही.

चार वाजता आई अपराधी चेहऱ्याने दारात आली. "लागल्या का गं?"

"कशाही लावल्या तरी लागतायत," हेमांगी म्हणाली आणि समोरच्या तीनशे पानांकडे बघून तिला दरदरून घाम फुटला.