देखण्या मडक्याला विरजण नाही

गोदाक्काचा चमचा नव्या काँप्युटरच्या झाकणावर आपटला. झाकण उघडेना. आजवर तिच्याकडे काँप्युटर दह्यासारखा घरीच मडक्यात लागायचा. जुन्या मडक्यातला चमचाभर कोमट मिठाच्या पाण्यात सोडला, की सकाळी दुसरा विरजलेला. नात शर्वरी उद्या शिकायला सांगलीला निघाली होती. तिच्यासाठी लावायचा होता.

"नव्या डिझाइनला विरजण नसतं आजी," तो पोचवायला आलेला कंपनीचा विक्रेता म्हणाला. "गिऱ्हाइकाला आता रूप लागतं. नातीला दुसरा घ्या."

"रूप काय चाटायचंय? तुमचा नफा मुरावा म्हणून आमचं विरजण मारलंत. माझं जुनं मडकं आण."

"आणतो की. पण बदलून घेताना तुम्हीच ते लख्ख घासून दिलंत."

परक्याच्या हाती खरकटं भांडं देऊ नये, ही गोदाक्काच्या सासूची शिकवण. या मेल्यांनी तीसुद्धा हेरली होती.

त्याला उंबऱ्याबाहेर काढून तिनं वाटी घेतली. शेजारच्या हौसाबाईनं आपलं जुनं मडकं कंपनीला बदलून दिलं नव्हतं, तेव्हा "जप तुझं डबडं" असं गोदाक्काच तिला म्हणाली होती. रिकामी वाटी नेऊ नये म्हणून तिनं साखर घातली आणि शेजारचं दार वाजवलं.

"डबड्यातलं चालेल का अक्का?" हौसाबाईनं विचारलं.

"चालेल," गोदाक्का दात खाऊन म्हणाली. "दोन चमचे घाल. एक शर्वरीला. दुसरा त्या देखण्या मडक्यात, झाकण फोडून."